अडतं तिथूनच वाजव

...आणि परत पहिल्यापासून! हसा, हसा, तुम्हाला हसायला काय जातंय, तुमच्या डोक्यावर कुणी व्हायोलिन वाजवत नाही! माझ्या वाजवतात. अक्षरशः डोक्यावर हो... माझा स्वयंपाकघरातला ओटा जिथे आहे ना, बरोब्बर त्याच्यावर वरच्या मजल्यावरची खोली, आणि त्या खोलीत ती वरची. नाव आहे तिला, चांगलं गोड नाव आहे, पण आमच्या घरात तिला 'वरची'च म्हणतात. "वरची आली शाळेतून", "वरचीनं सुरू केलं", "वरची अडली बघ"... शाळेतून येते, दप्तर आपटते, ते मला खाली कळतं, खुर्ची ओढते, तेही कळतं, आणि चार वाजले रे वाजले की सुरू! आणि तुम्हाला सांगते, सुरुवात इतकी सुंदर वाजवते पोरगी, इतकी सुंदर, की हातातलं काम ठेवून ऐकत बसावं. ती धून अशी हळूच निघते, जरा इकडे वळते, जरा तिकडे रेंगाळते, आणि मग लागते चढण. चढण म्हणजे काय, तर सूर भराभर वर वर वर जायला लागतात, आणि आपण खाली श्वास धरून उभे, की आता पोचणार, आता काहीतरी होणार, आता... कँऽऽव! मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं. मग शांतता. मग एक उसासा. उसासासुद्धा ऐकू येतो हो मला, असलं ते छत! आणि परत पहिल्यापासून!

आता तुम्ही म्हणाल, बाई, कान बंद करा, आपलं काम करा. अहो, कामाचंच तर सांगतेय! मी घरी केक करते, ऑर्डरचे. वाढदिवस, लग्न, निवृत्ती, बाळाचा पहिला दात, लोक हल्ली कशालाही केक कापतात, मला काय, कापा बापडे. सकाळी भाजायचे, दुपारपर्यंत गार करायचे, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला यायच्या आत केकवरची नक्षी. म्हणजे कधी? चार वाजता! एका हातात क्रीमची पिशवी, दुसऱ्या हातानं केक फिरवायचा, श्वास रोखून काठाला वेलबुट्टी काढायची... आणि हात काय हो, हात त्या धुनेबरोबर चालायला लागतो. धून वळली की वेल वळते. मी इतकी सुरेख वेल उभ्या जन्मात काढली नव्हती! आणि मग चढण येते, मी पिशवी दाबत दाबत वर वर... कँव! आणि वेलीच्या मधोमध हा एवढा मोठा गोळा.

एका वकीलसाहेबांच्या निवृत्तीचा केक होता. 'हार्दिक' लिहून झालं, 'शुभेच्छा' लिहायला घेतलं, आणि नेमकी चढण. त्या 'शु'चा उकार जो सुटला, तो केकच्या काठावरून खाली उतरून ताटात जाऊन बसला. मी मेल्याहून मेल्यासारखी. वकीलसाहेब चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "वा, आधुनिक दिसतंय." देवमाणूस!

आमचे हे मात्र थंड. खुर्चीत पेपर घेऊन बसलेले. म्हणाले, "अगं, शिकतेय ती. वेळ लागतो." मी म्हटलं, "शिकतेय कुठे? जे येतं तेच वाजवतेय! जे येत नाही त्याच्या दारापर्यंत जायचं, कडी वाजवायची आणि पळून यायचं, याला शिकणं म्हणतात?" तर म्हणे, "तुला गाण्यातलं काय कळतं?" नाही कळत, कबूल! पण अर्धवट राहिलेलं कळतं ना? महिनोन्‌महिने एक धून रोज ऐकायची आणि पुढे काय होतं ते कळूच नये, म्हणजे शेजारीण येऊन "अहो, एक गंमत झाली" म्हणते आणि निघून जाते, रोज! आणि हे असे मोठे थंड, तर आंघोळ करताना काय गुणगुणत होते विचारा. तीच धून! आणि चढणीपाशी आले की स्वतःच्या तोंडानं कँव करत होते! आणि परत पहिल्यापासून!

त्या दिवशी म्हटलं बास. हात धुतले, पदर खोचला आणि निघाले भांडायला. जिन्यात सगळं पाठ केलं, आधी गोड बोलायचं, मग छताचा विषय काढायचा, मग वकीलसाहेबांचा उकार. बेल वाजवली. दार उघडलं तिच्या आईनं. ती नर्स आहे, पाळीला निघालेली, अंगात युनिफॉर्म, तोंडात केसाच्या पिना, एक पाय बुटात. मी तोंड उघडायच्या आत म्हणते कशी, "काकू! बरं झालं बाई तुम्ही आलात!" आई पण मला काकू म्हणते, लेक पण काकू म्हणते, मी नक्की कुणाची काकू ते आजवर ठरलेलं नाही. आणि तोंडातल्या पिना काढत तिनं जे सुरू केलं, "काकू, मी अगदी रडकुंडीला आलेय हो! गावातल्या मुलांच्या वाद्यवृंदाची निवड आलीय पुढच्या महिन्यात. दोनदा गेली ही, दोनदा त्याच चढणीवर अडली, दोनदा रडत घरी. शाळेचा अभ्यास मागे पडतोय, झोपेतसुद्धा बोटं हलवते, मला नाही बघवत. मी सांगून टाकलंय, या वेळी नाही झालं तर व्हायोलिन बंद. क्लासचंच आहे, देऊन टाकायचं परत."

आणि आतल्या दाराशी ती वरची उभी. मी तिला इतकी वर्षं ऐकली होती, पण नीट बघितली त्या दिवशी. हडकुळी, हनुवटीखाली व्हायोलिन टेकवून टेकवून पडलेला लाल डाग, आणि ते व्हायोलिन दोन्ही हातांनी असं छातीशी धरलेलं, जसं काही मीच ते न्यायला आलेय. बारीक आवाजात म्हणाली, "काकू, मी खूप सराव करते हो. रोज करते." करतच होती ना! माझ्याइतका साक्षीदार दुसरा कोण? दुनियेतली पोरं सराव करत नाहीत म्हणून आया ओरडतात, आणि ही पोर जीव तोडून करत होती आणि जिथल्या तिथे होती. तिची आई म्हणाली, "मी ड्युटीवर असते, घरात ऐकायला कुणी नाही, तुम्ही जरा लक्ष द्याल का?" आणि माझ्या तोंडून गेलं, "हो."

खाली आले. ह्यांनी पेपरामागून विचारलं, "झालं भांडण?" म्हटलं, "झालं." "कोण जिंकलं?" म्हटलं, "उद्यापासून ती आपल्या स्वयंपाकघरात वाजवणार आहे." ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि म्हणाले, "म्हणजे आता मधलं छतही गेलं."

दुसऱ्या दिवशी आली. ओटा आणि फ्रीजच्या मधल्या जागेत उभी राहिली, व्हायोलिन हनुवटीखाली, गज हातात... गज म्हणजे ती तारांवर ओढायची लांब काडी. धून सुरू. गोड! इकडे वळली, तिकडे रेंगाळली, चढण, कँव, उसासा, आणि परत पहि... "थांब!" मी ओरडलेच. "पहिल्यापासून का?" ती म्हणाली, "चुकलं म्हणून." "कुठे चुकलं?" "चढणीवर." "मग सुरुवातीनं काय घोडं मारलंय तुझं? तिला का परत राबवतेस? चढणच घे ना!" तर म्हणते, "आमच्या क्लासच्या बाईसुद्धा हेच सांगतात." आणि बाईंचा आवाज काढून दाखवला तिनं, मऊ, सावकाश, औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसा, "बाळा, अडतं तिथूनच घ्यायचं. थोडंच घ्यायचं. हळू घ्यायचं. पण रोज घ्यायचं." म्हटलं, "अगं मग घेत का नाहीस?" पोरगी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली. मग म्हणाली, "क्लासमध्ये घेते. घरी आल्यावर ना काकू... चढण वाईट वाजते. सुरुवात छान वाजते. ती वाजवली की वाटतं, येतंय मला."

माझंच बघा, कपाट आवरायला काढते तेव्हा आधी कुठला कप्पा आवरते? जो आधीच नीट आहे तो! आणि खालचा, ज्यातून सगळं अंगावर कोसळतं, त्याच्याकडे पाठ. माणसाची जातच तशी. पण तिच्या हातातलं व्हायोलिन जायची वेळ आली होती, कपाटाचं तसं नव्हतं. म्हटलं, "आजपासून सुरुवात बंद. कुलूप! वाजवायची नाही, गुणगुणायची नाही, नाव काढायचं नाही. चढण. नुसती चढण."

आणि मग जे सुरू झालं ते तुम्हाला काय सांगू! आधी फक्त दोन सूर. दोनच. मी एका हातानं केकवर फुलं काढतेय आणि दुसऱ्या हातानं रिकाम्या भांड्यावर लाकडी चमचा... टक... टक... आणि ती त्या टकटकीवर, इतकं हळू, इतकं हळू की ह्यांनी आत डोकावून विचारलं, "वाजवताय की नळ गळतोय?" दोन सूर बिनघोर आले की तिसरा जोडायचा. तिसरा जोडला की पहिला बिघडायचा. परत दोन. दमली की थांबायचं, केकच्या कापलेल्या कडा खायच्या, आणि घरी. कितीही म्हणाली "अजून थोडं" तरी नाही, उद्या! उद्या मात्र नक्की. आणि पोरगी अशी लबाड, वर गेली की दार लावून हळूच सुरुवात वाजवायची! मी खालून ओरडायचे, "ऐकू येतंय मला!" की गप्प. चार दिवसांत ती खोडही गेली. छत पातळ असल्याचा तेवढा एक फायदा.

पण लोकांचं बघा कसं असतं. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत, ते एके दिवशी वर आले. इतकी वर्षं कधी आले नव्हते. म्हणाले, "ते पूर्वी काहीतरी छान वाजायचं, ते का बंद झालं? पेशंटना बरं वाटायचं हो. आता नुसतं किर्र किर्र चालू असतं, पेशंटना वाटतं माझंच मशीन फिरतंय, तोंडच उघडत नाहीत!" म्हटलं, "डॉक्टर, कळ काढा." डॉक्टरांना मी सांगितलं, कळ काढा! आणि खरं सांगू का, मलाही त्या सुरुवातीची आठवण यायची. माझी वेल पार बिघडली. सगळ्या केकवर नुसते आखूड आखूड काटेरी पाले. एका बाईनं विचारलं, "हे निवडुंग आहे का?" म्हटलं, "हो."

एक दिवस मात्र वाईट गेला. काही केल्या बोटं ऐकेनात. तिनं गज ओट्यावर ठेवला आणि खाली फरशीवर बसली, फ्रीजला टेकून, आणि रडायला लागली. मोठ्यानं नाही, नुसते ओघळ. "काकू, माझ्या बोटांत ते नाहीच आहे. आई परत देऊ दे ते. मी देते." माझ्या हातात पिशवी, पिशवीत गुलाबी क्रीम, आणि मला रडू यायला लागलं हो. मला तिच्या गाण्यातलं काही कळत नाही, मी काय समजूत घालणार? मी आपली ओट्यावरचा गज घेऊन तिच्या शेजारी फरशीवर बसले. गुडघे वाजले, ते वेगळं. म्हटलं, "चढण नको. दोन सूर वाजव. पहिल्या दिवशी वाजवलेस ते. ते येतात ना?" बसल्या बसल्याच वाजवले तिनं, नाक ओढत. आले. "बघ," म्हटलं, "हे पहिल्या दिवशी आले होते का इतके सहज?" तिनं मान हलवली, नाही. "मग आज एवढंच. घरी जा." गेली. मी उठायचा प्रयत्न केला, उठता येईना, शेवटी ह्यांना हाक मारली.

आणि मग एका दुपारी, काही ध्यानीमनी नसताना, मी काठाला वेल काढतेय, ती आपली चढण वाजवतेय, टकटक कधीच थांबलेली, सूर वर, वर, वर... आणि कँव नाही! नाहीच! सूर वर पोचले आणि पलीकडे उतरायला लागले! असलं काहीतरी ऐकू यायला लागलं जे त्या इमारतीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मी पिशवी दाबतेय, दाबतेय, थांबायचं सुचेचना, सगळी पिशवी त्या केकवर रिकामी! ती एकदम थांबली, डोळे एवढे मोठे. "काकू... मी पुढे गेले!" आणि हे बाहेरून पळत आले, पेपर हातात चुरगळलेला, "काय झालं? काय झालं? अडली नाही?" आम्ही तिघं त्या ओट्यापाशी वेड्यासारखे हसत उभे. तो केक कुणाच्या तरी लग्नाचा होता. त्यावर क्रीमचा अक्षरशः डोंगर. गिऱ्हाईक म्हणालं, "हात सढळ आहे हो तुमचा."

मग निवडीचा दिवस. मोठा हॉल, ओळीनं खुर्च्या, इस्त्रीचे कपडे घातलेली पोरं, आणि पोरांपेक्षा पांढरे पडलेले आईबाप. तिच्या आईनं पाळी बदलून घेतली होती, मी दुकान बंद... दुकान कसलं, ओटा बंद ठेवला होता, आणि हे "सहज आलोय" म्हणत नवा शर्ट घालून. समोर वाद्यवृंदाचे सर बसलेले, मिशा खाली ओघळलेल्या, सकाळपासून ऐकून ऐकून चेहरा पार उतरलेला. सगळ्या पोरांना तीच धून. एकेक येतंय, सुरुवात झकास वाजवतंय, चढणीवर धडपडतंय, सर म्हणतायत "हं, या." मी मनात म्हटलं, अरे, म्हणजे घरोघरी हेच चाललंय की! मग आमची वरची उभी राहिली. सर म्हणाले, "हं, घ्या. पहिल्यापासून."

तिनं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. गज उचलला. तारेवर टेकवला. आणि... काही नाही. काहीच नाही! नुसती उभी. माझ्याकडे बघतेय. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला... अगं बाई! सुरुवात! सुरुवातीला कुलूप घातलं, ते काढायचं राहिलं! इतके दिवस एकदाही वाजवू दिली नव्हती मी! जी सुरुवात मला पाठ, ह्यांना पाठ, दातांच्या डॉक्टरांना पाठ, त्यांच्या पेशंटना तोंड उघडं ठेवून पाठ, ती नेमकी हिलाच आठवेना! तिच्या आईनं माझा हात असा आवळला, तिला वाटलं, गेलं. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मीच केलं हो हे! पोरीचं व्हायोलिन मीच घालवलं!

सर म्हणाले, "काय झालं? पहिल्यापासून घे, बेटा." आणि ती वरची, ती फरशी उकरणारी बारीक आवाजाची पोर, सरळ सरांकडे बघून म्हणते, "सर, मी अडतं तिथून वाजवू का?" सर जागे झाले. "अडतं तिथून? आणि अडलं मग?" ती म्हणाली, "आता नाही अडत."

आणि वाजवलं! थेट चढणीला हात! सूर वर, वर, वर, एकेक सूर असा स्वच्छ, आणि पलीकडे उतरले, आणि पुढे, आणि पुढे, आणि शेवट... तुम्हाला सांगते, तो शेवट तसा साधाच आहे, पण माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिची आई तर हुंदके देऊन रडत होती, रोज दवाखान्यात दुसऱ्यांना धीर देणारी बाई! हे खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे तेही. गज खाली आला, आणि ही पोरगी एकदम म्हणते, "सर! सुरुवात आठवली! वाजवू?" तर सर दोन्ही हात वर करून ओरडले, "नको! नको! सकाळपासून सुरुवातच ऐकतोय मी!"

झाली निवड! घरी येईपर्यंत ती चालत नव्हती, उड्या मारत होती. तिच्या आईनं माझ्या गळ्यात पडून सांगितलं, "काकू, आता व्हायोलिन कुठे जात नाही!" मी म्हटलं, चला, पोरीचं सोनं झालं, आणि आता आपले चार वाजता केक शांतपणे होणार.

दुसऱ्या आठवड्यात चार वाजता बेल वाजली. दारात वरची, व्हायोलिनसकट. "काकू, वाद्यवृंदाचं वाजवायला आले." म्हटलं, ये की, आपलंच घर आहे. आता रोज पुरी धून ऐकायला मिळणार, चढणीसकट! मी पिशवी भरून तयार. आणि तिनं सुरू केलं... झुम. चुक चुक. झुम. चुक चुक. झुम. चुक चुक. मी थांबले. म्हटलं, "हे काय? धून कुठाय?" ती म्हणाली, "धून पुढच्या रांगेतले वाजवतात ना, मोठी मुलं. मी नवीन, मला मागच्या रांगेत घेतलंय. आम्ही मागे बसून त्यांना साथ करायची. झुम चुक चुक." म्हटलं, "आणि चढण?" "चढणीलापण झुम चुक चुकच." "आणि शेवटी?" "शेवटी नुसतं झुम." आणि तोंड बघा तिचं, सगळ्या जगाचं राज्य मिळाल्यासारखं!

मी म्हटलं, "अगं, यात अवघड काय आहे? याला घरी सराव कशाला हवा?" म्हणाली, "बाईपण हेच म्हणाल्या, गरज नाही. आईपण म्हणाली, आता जरा सुट्टी घे. पण काकू, चार वाजले की मला राहवतच नाही." मग काय करता! रोज चार वाजता, अगदी थोडं, अगदी हळू, पण रोज... झुम चुक चुक. माझ्या केकवर आता वेल नाही, निवडुंग नाही, एक मोठा ठिपका, दोन बारीक, एक मोठा, दोन बारीक. खालून डॉक्टरांनी निरोप पाठवला, पेशंटना डुलक्या लागतात, उपकार झाले. ह्यांचा पाय पेपरामागे हलत असतो. आई नको म्हणते, बाई नको म्हणतात, पण पोरगी काही सराव सोडायला तयार नाही. सवय लागलीय हो तिला. कुणी लावली, तेवढं मात्र विचारू नका.